एमआर ब्रेकच्या प्रकल्प नोंदी: लोखंडाची पावडर, ऑइल सील आणि शाफ्टची झीज

३ जून, शिवाजी उद्यमनगर

अर्धा एचपी मोटरची लोड टेस्ट आमच्याकडे अजून दोरीवर होते. पुलीवर दोरी, एका टोकाला वजनं, दुसऱ्या टोकाला स्प्रिंग बॅलन्स आणि शेजारी पाण्याचा डबा घेऊन एक पोरगा. ऑइल इंजिनांच्या काळापासून कोल्हापुरात या पद्धतीवर भरवसा आहे, आणि तो उगाच नाही. पण दोरी तापली की तिचं घर्षण बदलतं, पाणी मारलं की पुन्हा बदलतं, आणि काट्याची थरथर काही थांबत नाही. मोटरची कार्यक्षमता लिहून द्यायची तर वाचन स्थिर हवं. म्हणून मोटरवर दोरीऐवजी भार द्यायला मामांनी एमआर ब्रेक करून बघायला होकार दिला. लेथ, ड्रिल आणि आप्पा मेस्त्रींचा संध्याकाळचा वेळ मिळणार आहे.

एमआर म्हणजे मॅग्नेटोरिऑलॉजिकल. तेलात काही मायक्रॉन आकाराचे लोखंडाचे गोल कण मिसळलेले असतात. चुंबकीय क्षेत्र लावलं की कण क्षेत्राच्या दिशेने साखळ्या धरतात आणि काही मिलिसेकंदांत तेल घट्ट होतं. ठरावीक ताणापर्यंत ते घन पदार्थासारखं तग धरतं, त्यापुढे सरकू लागतं. क्षेत्र काढलं की पुन्हा पातळ. जेकब राबिनोव यांनी अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये १९४० च्या दशकाच्या अखेरीस याच कल्पनेवर क्लच केला होता. मोटारींच्या शॉक अ‍ॅबसॉर्बरमध्ये हे फ्लुइड २००२ मध्ये कॅडिलॅकच्या गाडीतून बाजारात आलं. मधली जवळजवळ पन्नास वर्षं बरीचशी याच प्रश्नांत गेली: कण खाली बसतात, फ्लुइड घट्ट होत जातं, आणि ज्याला लागतं त्याला झिजवतं. या नोंदी मुख्यतः त्या तिसऱ्या प्रश्नाच्या आहेत. टॉर्क किती मिळतो हे कोणीही कागदावर काढेल. तो ब्रेक वर्कशॉपमध्ये किती दिवस टिकेल, हे शाफ्ट आणि सील, म्हणजे शाफ्टभोवती बसून तेल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी, सांगतात.

८ जून

गणित. मोटर अर्धा एचपी, म्हणजे ३७३ वॅट, १४४० आरपीएम. टॉर्क सुमारे २.५ न्यूटन-मीटर.

शाफ्टवर फिरणारी डिस्क घेतली ८० मिमी व्यासाची. डिस्क आणि बॉडीच्या मधे दोन्ही बाजूंना १ मिमी गॅप, त्यात फ्लुइड, आणि काम करणारा पट्टा २० ते ४० मिमी त्रिज्येतला. एवढ्या पट्ट्यावर २.५ न्यूटन-मीटर मिळवायला फ्लुइडचा यील्ड स्ट्रेस, म्हणजे सरकू लागण्याआधी ते सोसतं तो ताण, जेमतेम साडेदहा किलोपास्कल लागतो. चांगलं एमआर फ्लुइड पुरेशा क्षेत्रात ५० च्या पुढे जातं, त्यामुळे ताकदीची काळजी नाही. करंट बंद असताना नुसत्या चिकटपणाचा ओढा काढला. चिकटपणा ०.१ पास्कल-सेकंद धरला तर तो ०.११ न्यूटन-मीटरच्या आसपास येतो, म्हणजे पूर्ण भाराच्या पाच टक्क्यांहून कमी. चालेल.

कॉइल ४०० वेढ्यांची, करंट पाऊण अँपिअरपर्यंत. म्हणजे ३०० अँपिअर-टर्न. लोखंडात जाणारं नुकसान सोडलं तर दोन्ही गॅपच्या मिळून २ मिमी अंतरात मीटरला दीड लाख अँपिअर एवढं क्षेत्र. मोटर रिवाइंडिंगवाल्या दादांना बॉबिन दिला आहे.

१७ जून

पावडरीवर आज बरीच चर्चा झाली. दुकानातल्या एकाने ग्राइंडरखालची लोखंडी धूळ चाळून वापरायला सुचवलं. चुंबकाला ती मस्त चिकटते, फुकटही आहे. पण त्या धुळीत ग्राइंडिंग व्हीलचे कण असतात, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड नाहीतर सिलिकॉन कार्बाइड. चुंबक फिरवून ते वेगळे होत नाहीत, कारण पुष्कळसे लोखंडाच्या किसात अडकलेले असतात. शाफ्टभोवती तसलं मिश्रण फिरवायचं म्हणजे धातू घासून काढायची लॅपिंग पेस्ट भरल्यागतच. फाउंड्रीच्या शॉट ब्लास्टिंगची धूळ त्याहून वाईट, तिच्यात वाळू.

बाजारात रिड्यूस्ड आयर्न पावडर स्वस्त मिळते. ती भिंगाखाली ठेवली: वेडेवाकडे, कोपरे निघालेले कण, आकार दहापासून शंभर मायक्रॉनपर्यंत काहीही. कार्बोनिल आयर्न पावडर मात्र गोल असते. आयर्न पेंटाकार्बोनिलची वाफ तापवून तिचं विघटन करतात, आणि लोखंडाचे कण त्या वाफेतच थरावर थर चढत वाढतात. कापला तर आत कांद्यासारखे पापुद्रे. आकार एक ते दहा मायक्रॉन. महाग आहे, पण गोल कण घरंगळतो आणि कोपऱ्याचा कण नांगरतो. झिजेच्या दृष्टीने सगळा फरक इथेच पडतो, त्यामुळे पैसे वाचवायची ही जागा नव्हे असं मी मामांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी मान्य केलं.

कार्बोनिल पावडरीतही दोन जाती आहेत. जशी तयार झाली तशीच वापरली तर ती 'हार्ड', तिच्यात थोडा कार्बन आणि नायट्रोजन राहतो. हायड्रोजनमध्ये तापवून शुद्ध केली तर 'सॉफ्ट'. सॉफ्ट चुंबकीय दृष्ट्या सरस, पण तिचा कण दाबाखाली चेपतो. हार्ड कण स्वतः कमी झिजतो. सामान्य नियम असा की घासणारा कण पृष्ठभागापेक्षा निदान वीसेक टक्के कठीण असला की पृष्ठभाग जोरात कापला जातो. आमचा ईएन-८ पोलादाचा शाफ्ट कच्चाच आहे, कठीणपणाच्या ब्रिनेल मापावर दोनशेच्या आसपास. हार्ड पावडर त्याला सोडणार नाही, याची जाणीव ठेवूनच हार्ड घेतली, कारण फ्लुइडचं आयुष्य तिच्यात जास्त आहे. शाफ्टचं बघू.

२६ जून

मिश्रण केलं. घनफळाने ३० टक्के लोखंड. १०० मिलिलिटर फ्लुइडमध्ये ३० मिलिलिटर लोखंड म्हणजे सुमारे २३४ ग्रॅम, आणि ७० मिलिलिटर तेल म्हणजे ६० ग्रॅम. घनफळात तिसरा हिस्सासुद्धा नसलेलं लोखंड वजनात ऐंशी टक्के होतं. बाटली उचलताना हाताला ते लगेच जाणवतं.

तेल निवडताना सिलिकॉन ऑइल बाजूला ठेवलं. तापमानाला ते चांगलं, पण पोलादावर पोलाद घासताना त्याचा पातळ थर टिकत नाही. म्हणून सिंथेटिक हायड्रोकार्बन तेल, त्यात ओलिइक अ‍ॅसिड थोडं, आणि कण लवकर बसू नयेत म्हणून ऑर्गॅनोक्ले, म्हणजे तेलात मिसळणारी चिकणमाती. हिशोबाने पाच मायक्रॉनचा एकटा कण ०.०५ पास्कल-सेकंदाच्या तेलात तासाला जवळपास सात मिलिमीटर खाली जातो. दाट मिश्रणात वेग पुष्कळ कमी, तरी रात्रभर ठेवलं की वर तेलाचा थर दिसतोच.

बाहेर पाऊस धरला आहे आणि हवा नुसती ओली. कोरडी पावडर उघडी ठेवायची नाही. गंजलेला कण चुंबकीय ताकदीत कमी पडतो, आणि गंजाची खपली सुटली तर ती पुन्हा घासायलाच येते. डबा हवाबंद, आत सिलिका जेलच्या पुड्या. पावडर भरताना मास्क आणि आसपास ठिणगी नाही. इतकं बारीक लोखंड हवेत उडालं तर पेट घेऊ शकतं. ग्राइंडर बंद करूनच काम केलं.

४ जुलै

ब्रेक पहिल्यांदा फिरला. टॉर्क करंटबरोबर गुळगुळीत वाढतो, काट्याला थरथर नाही. मामा दोन मिनिटं काही न बोलता काट्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "दोरी काढून ठेवा."

एक गोष्ट मात्र दिसली. करंट शून्य केल्यावर टॉर्क पूर्ण खाली येत नाही. बॉडीच्या पोलादात चुंबकत्व राहतं. करंट उलटसुलट करत हळूहळू कमी केला की ते उतरतं. हे कायमचं करावं लागेल, नाहीतर करंट बंद असतानाही साखळ्या अर्धवट उभ्या राहतात आणि विनाकारण घासत बसतात.

१३ जुलै

गळती. सीलच्या खाली बोटभर काळा ओघळ, हात लावला तर मखमलीसारखा. आप्पांनी बेअरिंग काढलं, शाफ्ट कापडाने पुसला आणि उजेडाला धरून फिरवला.

"शाफ्ट खाल्लाय बघ," ते म्हणाले. "नख फिरव. अडकतंय का न्हाई?"

अडकलं. सीलच्या ओठाखाली शाफ्टभोवती एक अरुंद, चकचकीत खोबण पडली होती. बाकी शाफ्टवर टर्निंगचा राखाडी पोत तसाच, आणि त्या एका पट्ट्यात आरशासारखी लकाकी. भिंगातून बघितलं तर लकाकीच्या आत बारीक समांतर रेघा, सगळ्या फिरण्याच्या दिशेने. सीलचा नायट्राइल रबराचा ओठ बघितला तर तो जवळजवळ धड होता. त्याच्या धारेत मात्र राखाडी कडा बसली होती. पुसून जात नव्हती.

रबर शाबूत आणि पोलाद खाल्लेलं, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला पटत नाही. कारण सरळ आहे. रबर मऊ म्हणून कण त्यात रुततो आणि तिथेच पकडला जातो. पकडलेला कण घरंगळू शकत नाही, त्यामुळे तो समोरच्या पोलादावर रेघ ओढत राहतो. शाफ्ट २० मिमीचा आहे. १४४० आरपीएमला त्याचा पृष्ठभाग सेकंदाला दीड मीटर, म्हणजे तासाला साडेपाच किलोमीटर त्या ओठाखालून जातो. मोकळा गोल कण दोन पृष्ठभागांमध्ये लोळत राहिला असता तर एवढं नुकसान होत नाही.

१५ जुलै

पण कण ओठापर्यंत एवढ्या संख्येने आले कुठून? सील गॅपपासून चांगलं लांब आहे. तिथे फ्लुइड साचायला नको.

आप्पांनी खिशातली पिन शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला लावली आणि मला करंट सुरू करायला सांगितलं. पिन चिकटली. करंट बंद, पिन पडली. एवढ्यात उत्तर मिळालं. कॉइलचं क्षेत्र बॉडीतून गॅपमध्ये, तिथून डिस्कमध्ये जावं असं आरेखन आहे. पण डिस्क पोलादी शाफ्टवर बसली आहे, म्हणून त्याचा काही भाग शाफ्टमधून बाहेरची वाट धरतो. जिथे क्षेत्र, तिथे पावडर. ब्रेक जितका जोरात लावू तितके कण सीलकडे खेचले जातात आणि ओठाखाली साखळ्या धरून उभे राहतात.

खात्रीसाठी तीन अवस्थांमध्ये नवं सील आणि नवा शाफ्टचा तुकडा लावून सारख्याच वेळेसाठी फिरवलं. नुसतं तेल: ओठाखाली फक्त चकाकीची रेघ. फ्लुइड, करंट बंद: हलका पट्टा, नखाला लागत नाही. फ्लुइड, करंट सुरू: नख अडकलं. मधल्या अवस्थेचं मला जास्त महत्त्व वाटतं. याचा अर्थ निव्वळ पावडर असल्याने शाफ्ट एवढा मरत नाही. क्षेत्र पावडरीला तिथे आणून दाबून धरतं, म्हणून मरतो.

झिजेचं साधं सूत्र सांगतं की घासून गेलेलं घनफळ दाबाच्या आणि सरकलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतं, आणि पृष्ठभागाच्या कठीणपणाच्या प्रमाणात कमी होतं. अंतर आपल्या हातात नाही, मोटर फिरणारच. दाब कमी करायचा तर क्षेत्र सीलपासून तोडायचं. कठीणपणा वाढवायचा तर शाफ्टवर काहीतरी चढवायचं. दोन्ही करायचं ठरलं.

२४ जुलै

पंचगंगा पात्राबाहेर. शिरोलीहून माल आला नाही. काम बंद.

१ ऑगस्ट

सीलखालचा भाग वेगळा करून तिथे स्टेनलेस ३०४ ची स्लीव्ह बसवली. ३०४ चुंबकीय नसतं हे सगळ्यांनाच माहीत. स्लीव्ह टर्न झाल्यावर मी सहज चुंबक लावून बघितला, तर तो किंचित ओढला गेला. जोरात नाही, पण दोऱ्याला लटकवलेला चुंबक स्लीव्हकडे झुकत होता. कोल्ड ड्रॉन बारमध्ये असं होतं. गार अवस्थेत ओढताना, दाबताना ३०४ च्या रचनेचा थोडा भाग बदलून मार्टेन्साइट होतो, आणि मार्टेन्साइट चुंबकीय असतं. ३१६ मध्ये निकेल जास्त, म्हणून तिथे हा बदल फार कमी. लक्ष्मीपुरीतून ३१६ चा तुकडा आणला, टर्न केला, चुंबक हलला नाही.

मामांचा प्रश्न होता की एवढ्याशा ओढीने काय फरक पडतो. इथे पडतो. आपण ज्या कणांपासून सील वाचवतोय ते काही मायक्रॉनचे आहेत आणि क्षेत्राचा उतार जिकडे, तिकडे ते सरकतात. ओठ आणि शाफ्टच्या मधला तेलाचा थर स्वतःच मायक्रॉनच्या घरातला.

९ ऑगस्ट

३१६ ची अडचण वेगळी. मऊ आहे आणि घासताना चिकटून ओरबाडलं जातं. त्यावर हार्ड क्रोम हवा. क्रोम चुंबकाला दाद देत नाही आणि कठीणपणात ईएन-८ च्या कितीतरी पुढे, विकर्समध्ये नऊशे-हजारच्या घरात. प्लेटिंगवाल्यांनी आधीच सांगितलं की स्टेनलेसवर क्रोम थेट धरत नाही, आधी निकेलचा पातळ थर द्यावा लागतो. त्यांना पन्नास मायक्रॉन चढवायला सांगितलं, ग्राइंडिंगमध्ये काही निघून जाईल या हिशोबाने.

२० ऑगस्ट

ग्राइंडिंग. आजची नोंद आप्पांमुळे लांबणार आहे.

मी ड्रॉइंगवर रफनेस लिहिला होता: ०.२ ते ०.४ मायक्रॉन. सीलसाठी तो बरोबर आहे. फार खडबडीत असला तर ओठ झिजतो, फार गुळगुळीत असला तर तेलाचा थर धरत नाही. आप्पांनी ड्रॉइंग बघून विचारलं, "लीडचं काय?" व्हील शाफ्टच्या लांबीवर सरकवत ग्राइंड केलं, तर पृष्ठभागावर अतिशय बारीक आट्यासारखी रेघ राहते. डोळ्यांना ती दिसत नाही, रफनेसच्या आकड्यातही ती येत नाही. पण शाफ्ट फिरू लागला की ती रेघ स्क्रूचं काम करते आणि तेल एका दिशेला पंप करते. दिशा बाहेरची असली तर सील कितीही चांगलं असो, गळणार. आणि आमच्या तेलाबरोबर पावडरही ओठाखाली जाणार.

तपासायची पद्धत त्यांनी दाखवली. शाफ्ट आडवा लेथवर धरायचा, त्याला तेलाचा हलका हात द्यायचा, एक बारीक दोरा त्यावरून टाकायचा, आणि दोऱ्याच्या खालच्या टोकाला छोटं वजन. शाफ्ट सावकाश फिरवायचा. दोरा एका जागी राहिला तर लीड नाही. एका बाजूला सरकू लागला तर लीड आहे, आणि उलटं फिरवल्यावर तो उलटा सरकला म्हणजे खात्री. आमचा दोरा सरकला. दोन्ही दिशांना. मग व्हील न सरकवता सरळ आत घालून, म्हणजे प्लंज पद्धतीने पुन्हा ग्राइंड केलं, आणि शेवटी स्पार्क-आऊट होईपर्यंत, म्हणजे ठिणग्या बंद होईपर्यंत थांबले. दुसऱ्यांदा दोरा जागच्या जागी उभा.

एवढा साधा दोरा, एवढं साधं वजन, आणि उत्तर हो किंवा नाही. मला ही पद्धत फार आवडली.

२५ ऑगस्ट

जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत फोर-बॉल मशीनवर फ्लुइड तपासायला मिळालं. साडेबारा मिमीहून थोडे मोठे चार क्रोम स्टीलचे गोळे. तीन खाली घट्ट धरलेले, चौथा वर फिरणारा. ४० किलोचा भार, १२०० आरपीएम, ७५ अंश सेल्सिअस, एक तास. नंतर खालच्या गोळ्यांवरच्या व्रणाचा व्यास सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा.

नुसत्या सिंथेटिक तेलाचा व्रण लहान आणि गोल. तेच तेल लोखंडासकट: व्रण मोठा, तळ घासून पॉलिश झालेला, कडांना रेघा. सिलिकॉन ऑइलवर केलेलं मिश्रण सर्वांत वाईट. तेलात झेडडीडीपी मिसळल्यावर व्रण स्पष्ट लहान झाला. झेडडीडीपी म्हणजे इंजिन ऑइलमध्ये असतं तेच झिंक-फॉस्फरसचं रसायन. घासणाऱ्या जागी तापमान आणि दाब वाढला की ते पोलादावर फॉस्फेटचा पातळ थर तयार करतं. घर्षणाने तो थर जातो, मग पुन्हा तयार होतो. आमच्या फ्लुइडमध्ये तो शाफ्टवरही धरतो आणि लोखंडाच्या कणांवरही, हा दुहेरी फायदा.

या टेस्टची मर्यादा लिहून ठेवतो. इथे क्षेत्र नाही. गोळे स्वतः चुंबकीय आहेत, त्यामुळे क्षेत्र लावलं तरी ते कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. तेलं आणि मिश्रणं आपसांत तोलायला फोर-बॉल चांगलं. सीलखालच्या झिजेसाठी आमचा शाफ्टचा तुकडाच खरा.

लेन्स पॉलिश करायला हेच फ्लुइड वापरतात, हे तिथल्या मॅडमनी आठवण करून दिली. पाणी, कार्बोनिल आयर्न आणि सेरियम ऑक्साइड. काचेखाली चुंबक, आणि घट्ट झालेला फ्लुइडचा पट्टा काच घासतो. रोचेस्टरमध्ये ते तंत्र विकसित झालं आणि १९९० च्या दशकात त्याच्या मशीन विकायला आल्या. आपण ज्या झिजेपासून पळतोय तीच तिथे कामाला लावली आहे, तीही इतक्या नेमकेपणाने. आमच्या शाफ्टवरचा तो आरसा काही उगाच पडला नव्हता.

७ सप्टेंबर

क्रोम स्लीव्हवर सील पुन्हा फिरवलं, करंट सुरू ठेवून, जुलैइतकाच वेळ. नख लागत नाही. ओठाखाली चकाकीची रेघ आहे, पण नुसत्या तेलाच्या तुकड्यावर पडली होती तेवढीच. ओठाच्या धारेत राखाडी कडा नाही. पिन शाफ्टच्या टोकाला चिकटत नाही.

आता फ्लुइडकडे वळता येईल.

१६ सप्टेंबर

सलग चालवून काढलेलं फ्लुइड बघितलं. करंट बंद असतानाचा ओढा आधीपेक्षा वाढला आहे. काडीने ढवळलं तर श्रीखंडासारखं नाही, पण त्या दिशेने निघालं आहे. याला वापरातून घट्ट होणं म्हणतात. कणांवर ऑक्साइड, कार्बाइड, नायट्राइड यांचा ठिसूळ थर असतो. जास्त ताणात कण एकमेकांवर आपटत, घासत राहिले की त्या थराचे नॅनोमीटरच्या आकाराचे तुकडे उडतात. तुकडे इतके बारीक की थोड्या वजनातसुद्धा त्यांचा पृष्ठभाग प्रचंड, आणि ते तेल धरून बसतात. फ्लुइड पेस्ट होत जातं. म्हणजे झीज शाफ्टची होते तशी कणांचीही होते, आणि दुसरी झीज डोळ्यांना दिसत नाही.

आयुष्य मोजायचं माप म्हणजे एका घन सेंटिमीटर फ्लुइडने जन्मभरात किती ऊर्जा जिरवली. चांगल्या फ्लुइडसाठी हे एक कोटी ज्यूलपर्यंत जातं. आमच्या दोन्ही गॅपमध्ये मिळून फ्लुइड साडेसात घन सेंटिमीटर. ३७३ वॅट त्यात जिरतात, म्हणजे एका घन सेंटिमीटरला ५० वॅट. एक कोटी भागिले पन्नास, दोन लाख सेकंद. पूर्ण भारावर जेमतेम ५५ तास.

आकडा वाचून मामांचा चेहरा उतरला. पण मोटरची एक टेस्ट तीन मिनिटांची असते. ५५ तासांत साधारण अकराशे टेस्टी होतात. आणि बदलायचं फ्लुइड किती? साडेसात मिलिलिटर, बावीस ग्रॅम. निम्म्या आयुष्यावर बदललं तरी खर्च दोरीपेक्षा फार नाही.

१८ सप्टेंबर

मोठी डिस्क का नको, याची नोंद. व्यास १२० मिमी केला आणि पट्टा ३० ते ६० मिमीचा धरला तर फ्लुइड १७ घन सेंटिमीटर होतं आणि आयुष्य सव्वाशे तासांच्या आसपास जातं. पण करंट बंद असतानाचा ओढा त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो. ०.११ वरून ०.५८ न्यूटन-मीटर. पूर्ण भाराचा जवळजवळ चौथा हिस्सा नुसत्या चिकटपणात. मोटरची नो-लोड टेस्ट त्यावर करताच येणार नाही. ८० मिमीच राहू दे.

डिस्कच्या कडेला वेगामुळे बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या नव्वद पटींहून जास्त आहे. फ्लुइड गॅपच्या मध्यावर निम्म्या वेगाने फिरतं असं धरलं तरी वीस पटींच्या वर. करंट न देता बराच वेळ फिरवत ठेवलं तर कण बाहेरच्या कडेला गच्च होतील. टेस्ट संपली की मोटर बंद, अशी पद्धत ठेवायची.

२६ सप्टेंबर

उष्णता. ३७३ वॅट तीन मिनिटं म्हणजे ६७ किलोज्यूल. बॉडी तीन किलोची. सगळी उष्णता तिच्यात राहिली तर ५० अंशांच्या जवळपास वाढ. फ्लुइडमधून ती बॉडीत वेळेवर गेली नाही तर फ्लुइड एकटं सेकंदाला वीसेक अंशांनी तापेल. त्यामुळे मधे प्लॅस्टिक किंवा जाड गॅस्केट अजिबात नको, धातूला धातू. लागोपाठ दुसरी टेस्ट घेतली तर नायट्राइल शंभरीच्या पलीकडे जाईल, आणि कडक झालेला ओठ पुन्हा शाफ्टवर बसेल. बॉडीच्या बाहेरून पाण्याचं जॅकेट करायचं. आप्पांनी जुन्या इंजिनाच्या हेडचं कास्टिंग काढून दाखवलं, त्यातली पाण्याची वाट कशी फिरवली आहे ते बघून आमचं जॅकेट काढलं.

खंडेनवमी

मशीन बंद. लेथ, ड्रिल, ग्राइंडर धुऊन पुसून पूजा. ब्रेकलाही हार घातला. दोरी आणि वजनं शेजारीच ठेवली होती, त्यांनाही.

१२ ऑक्टोबर

जॅकेटसह ब्रेक बेंचवर आहे. फ्लुइड: हार्ड कार्बोनिल ३० टक्के, सिंथेटिक तेल, ऑर्गॅनोक्ले, ओलिइक अ‍ॅसिड, झेडडीडीपी. ब्रेकशेजारी वही टांगली आहे. प्रत्येक टेस्टीनंतर मिनिटं आणि वॅट लिहायचे, त्यातून जिरलेली ऊर्जा जमवत जायची. निम्मा आकडा गाठला की फ्लुइड बदल, सील बदल, आणि स्लीव्ह काढून नख, भिंग आणि दोरा, तिन्ही तपासण्या. करंट बंद असतानाचा ओढा दर सोमवारी सकाळी गार अवस्थेत मोजायचा. तो सुरुवातीच्या दुप्पट झाला तर वहीतला आकडा काहीही असो, फ्लुइड काढायचं.

स्लीव्हचा दुसरा तुकडा प्लेटिंगला गेला आहे. त्यावर क्रोमऐवजी निकेल-फॉस्फरसचा थर देऊन बघायचा आहे. फॉस्फरस जास्त असला तर तोही चुंबकाला जुमानत नाही, तापवल्याशिवाय. तापवला की कठीण होतो पण चुंबकीय होऊ लागतो, म्हणून प्लेटिंगवाल्यांना बेकिंग करू नका असं चिठ्ठीवर लिहून दिलं आहे.